अल्पवयीनाला मिळालेला जामीन म्हणजे सुटका नव्हे

19 मे 2024 रोजी पुण्यातील कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला. मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि त्यातील 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीने राज्यभर संताप उसळला. तेव्हापासून एक दावा अनेकांच्या तोंडी आहे: ‘अठराच्या आतल्याने काहीही केले तरी जामीन मिळतोच, जामीन म्हणजे सुटका, म्हणून गंभीर गुन्ह्यात तो देऊच नये.’ निबंधाच्या अटीवरचा राग रास्त होता, पण हा दावा कायद्यापुढे टिकत नाही.

जामीन ‘मिळतोच’ असे नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 12 नुसार तो देणे हा नियम असला, तरी सुटकेमुळे मूल सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका पोहोचेल, अथवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे मानायला वाजवी कारण असेल, तर त्याला सोडता येत नाही. मात्र ही कारणे बाल न्याय मंडळाला, म्हणजे अल्पवयीन आरोपींची प्रकरणे हाताळणाऱ्या मंडळाला, लेखी नोंदवावी लागतात. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या राजस्थानातील प्रकरणात एक मुलगा वर्षभराहून अधिक काळ अडकून पडला होता आणि जामीन नाकारताना यांपैकी कोणता अपवाद लागू होतो, याचा निष्कर्षच कोणी नोंदवला नव्हता. न्यायालयाने त्याला जामीनदाराशिवाय सोडले आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवण्यास सांगितले. सर्रास जामीन मिळतो म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही पाहावी.

गुन्ह्याच्या गांभीर्याचे काय? कलम 12 जामीनपात्र आणि अजामीनपात्र अशा दोन्ही गुन्ह्यांना सारखेच लागू होते. न्यायाचा हेतू विफल होण्याच्या अपवादाखाली गुन्ह्याचे स्वरूप चर्चेला येते खरे, परंतु निव्वळ आरोपाचे कलम पाहून जामीन नाकारणे म्हणजे दोष सिद्ध होण्याआधीच शिक्षा देणे होय, आणि तीही अशा वयात, जेव्हा शाळा व घर तुटले की पुन्हा जोडणे फार कठीण जाते.

जामिनाने प्रकरण संपतही नाही. चौकशी चालू राहते. किमान सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आणि सोळा वर्षे पूर्ण झालेला आरोपी असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून, म्हणजे मुलाची समज आणि क्षमता तपासून, त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. पुण्याच्या प्रकरणातही जनक्षोभानंतर मंडळाने त्या मुलाला निरीक्षणगृहात (चौकशीच्या काळात अल्पवयीनांना ठेवतात तिथे) पाठवले, पण जामीन रद्द न करताच. 25 जून 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही कोठडी बेकायदा ठरवून त्याला सोडण्याचा आदेश दिला. जामीन चुकला असे वाटत असेल, तर तो रद्द करून घेण्याचा रीतसर मार्ग आहे; तो टाळून लोकांच्या रागाला उत्तर म्हणून मुलाला डांबता येत नाही.

‘हा श्रीमंतांच्या पोरांचा कायदा आहे,’ हा आरोप मला सर्वांत जास्त खुपतो, कारण जामिनाची अट जड झाली की अडकते ते गरिबाचे मूल. वडील रोजंदारीवर, जामीनदार कुणी उभा राहत नाही, आणि आदेश हातात असूनही मुलगा निरीक्षणगृहातच. याच मुलांसाठी कलम 12 मध्ये तरतूद आहे: सात दिवसांत अटी पूर्ण झाल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून त्या बदलायच्या. गंभीर गुन्ह्यात जामिनाचा नियमच काढून टाकला, तर महागडा वकील लावणारे वरच्या न्यायालयात जातील आणि ही मुले मात्र आतच राहतील.