वस्तीतल्या दवाखान्यात व्यसनमुक्ती: आधी डॉक्टर की आधी समुपदेशक?

परळच्या कट्ट्यावर वाद पेटला तो एका प्रश्नावर. महापालिकेच्या छोट्या दवाखान्यात मानसिक आजार आणि व्यसनावरचे उपचार वाढवायचे, तर सुरुवात कुठून करायची?

अण्णांचं म्हणणं सरळ. "आठवड्यातून एकदा केईएम नाहीतर नायरचा सायकियाट्रिस्ट बसवा. झालं काम."

"काम तिथून सुरू होतं, अण्णा," डॉक्टर म्हणाला. "तो मंगळवारी डिप्रेशनची गोळी लिहून जाणार. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात. पेशंटला वाटतं, औषध बाधलं. तो बंद करतो. चौथ्या-पाचव्या दिवशी फोन करून 'हे होणारच होतं, थांबू नका' असं सांगणारं माणूस नसेल, तर पुढच्या मंगळवारी तो येतच नाही."

"म्हणूनच आधी समुपदेशक," ताई म्हणाल्या. "गोव्यात संगत संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून दाखवलंय. मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण नीट शिकवून तयार केलेली माणसं. नैराश्यासाठी सहा ते आठ बैठका, दारूसाठी एक ते चार. 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले. नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त लोक सुधारले."

"मान्य," डॉक्टर म्हणाला. "पण ताई, दारूच्या त्या बैठका कुणासाठी होत्या? ऑडिट म्हणजे पिण्याची सवय मोजणारी प्रश्नावली, तिच्या दहा प्रश्नांत 12 ते 19 गुण आलेल्या पुरुषांसाठी. 20 आणि वरचा माणूस वेगळा. त्याला नुसतं बोलून एकदम दारू बंद करायला लावली, तर जिवावर बेतू शकतं."

इथे डॉक्टरनं सगळं उलगडून सांगितलं आणि माझ्या मते तोच भाग सर्वांत महत्त्वाचा. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, माणूस नसलेलं बघायला लागतो, ताप चढतो. ज्याला आधी फिट आलीय, भ्रम झालाय, ज्याच्या घरी सोबत कुणी नाही किंवा ज्याला दुसरा मोठा आजार आहे, त्याला दवाखान्यानं हात न लावता मोठ्या रुग्णालयात भरती करायचं. बाकीच्यांना दारू सुटतानाचा त्रास आवरणारी क्लोरडायझेपॉक्साइडची गोळी, रोज डोस उतरवत, पाच ते सात दिवस. लिव्हर खराब असेल तर त्याच जातीची लोराझेपाम. रोज नाडी, बीपी आणि हाताची थरथर तपासायची. आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. ते विसरलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

"आणि सुरुवात सोमवारी करायची," ताईंनी जोडलं. "शुक्रवारी केली तर धोक्याचा दिवस रविवारी येतो, आणि रविवारी ओपीडी बंद."

औषधांच्या काउंटरवर बसणारा पक्या इतका वेळ गप्प होता. "तुम्ही गोळ्या गृहीत धरताय. या गोळ्या मध्येच संपल्या तर उतरता डोस मोडतो आणि फिट येते. कोर्स सुरू करण्याआधी त्या पेशंटच्या पूर्ण गोळ्या मोजून, नावाची पुडी करून बाजूला ठेवायच्या. हातात मात्र एका वेळी दोनच दिवसांच्या द्यायच्या, त्याही घरच्या माणसाच्या. नाहीतर दारू सुटते आणि गोळीची सवय लागते."

"गर्दवाल्यांचं, म्हणजे ब्राउन शुगरवाल्यांचं काय?" अण्णांनी विचारलं.

"ब्युप्रेनॉर्फिन हे बदली औषध, जिभेखाली," डॉक्टर म्हणाला. "पण ते सुरू करायचं नशा उतरून शरीर तडफडायला लागल्यावरच, आधी दिलं तर तडफड उसळते. ते ओएसटी केंद्रात, म्हणजे असं बदली औषध देणाऱ्या सरकारी केंद्रात, नर्सच्या नजरेसमोर. दवाखान्यानं चिठ्ठी देऊन भागू नये, माणूस तिथे पोचला का ते विचारावं. एमडीला, म्हणजे मेफेड्रोनच्या नशेला, असं बदली औषधच नाही, तिथे बैठका आणि झोप-डिप्रेशनचे उपचार."

मग ताईंनी तो प्रश्न काढला, जो बायका खिडकीपाशी कुजबुजत विचारतात: जेवणात मिसळायचं औषध द्या ना. डायसल्फिरामच ते. न सांगता दिलं आणि माणूस प्यायला, की चेहरा लाल, उलट्या, बीपी खाली, काही वेळा मृत्यू. त्या बाईला औषध नको, तिचीच बैठक हवी: फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, रात्री मारहाण झाली तर कुठे जायचं ते आधी ठरवा.

"बैठक कुठे, केसपेपरच्या रांगेत?" पक्यानं विचारलं. ते अगदी खरं. पीएचक्यू या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. सासू शेजारी उभी असताना त्याचं उत्तर शून्यच येणार. दार लागणारी खोली हवी. आणि उत्तर शून्याच्या वर आलं तर त्याच दिवशी विचारायचं: काही ठरवलंय का, घरात विषारी औषध आहे का? घरच्याला बोलवायचं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लिहून द्यायचा, दुसऱ्या दिवशी फोन. 'पोलीस केस होईल' या भीतीनं लोक लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली धरतं, शिक्षा करायची नाही असं म्हणतं. हे समुपदेशकाला पाठ हवं.

अण्णा आता वेळेवर अडले. सकाळची ओपीडी म्हणजे नाका कामगाराचा खाडा. पाच ते सात दिवस रोज कोण येईल? त्यांना संध्याकाळ हवी. ताई म्हणाल्या, संध्याकाळी पिऊनच येतील. डॉक्टरचं उत्तर: प्यायलेलाही आला तर परत पाठवू नका, नाव, फोन नंबर घ्या, शेवटचा पेग कधी ते लिहा आणि सकाळी फोन करा.

पैसे एकाच पदाचे असतील तर? ताई अजून समुपदेशकावर ठाम आहेत, पक्या गोळ्यांच्या साठ्यावर. अण्णांनी सायकियाट्रिस्ट सोडला नाही, पण त्याच्याआधी फोन करणारं माणूस हवं, एवढं ते मान्य करतात.