हात वर करा

परवा ठाण्यात गोखले रोडवरच्या एका दुकानात मी कुर्त्यात अडकलो. भाचीच्या साखरपुड्याचं निमित्त. घालताना गेला कसाबसा. काढताना डोकं आत, डावा हात बाहेर आणि उजवा कानापर्यंत येऊन जो थांबला तो थांबलाच. ट्रायल रूम म्हणजे पडदा लावलेलं कपाट. हिसका द्यावा तर कोपर आरशावर. नाकाला टोचणारं लेबल: १,४९९ रुपये, हाताने धुवावा.

मी कण्हलो असणार. बाहेरून आवाज आला, "खांदा का हो?"

"हो. जरा त्या मुलाला बोलवता?"

"येईल, बिल करतोय. उजवा?"

"उजवा."

"शुगर?"

"नाही."

"तपासून घ्या. शुगरवाल्यांना जास्त होतो. वय?"

"५१."

"म्हणजे वेळेवर आलाय. आमचा मुलगा योकोहामाला असतो. जपानी लोक याला गोजूकाता म्हणतात. गोजू पन्नास, काता खांदा. फ्रोझन शोल्डर हो तुमचा!"

"फ्रोझन नाहीये काका, टेंडनचं आहे."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

तोंडात कुर्ता असताना वाद घालता येत नाही, नाहीतर सांगितलं असतं. फ्रोझन शोल्डर हे नाव कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३४ साली दिलं, आणि त्यानेच लिहून ठेवलंय की याची व्याख्या करणं अवघड, इलाज अवघड आणि कारण सांगणंही अवघड. आमचे काका ही तिन्ही कामं पडद्याबाहेर उभ्याने उरकत होते.

माझं दुखणं साधं आहे. फिजिओथेरपिस्टने (वयाने माझ्या मुलीएवढी, मला 'सर' म्हणते आणि रडवते) समजावलं: टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी कोलॅजेनच्या तंतूंची दोरी. वय वाढलं की तंतू एकमेकांना जखडतात, दोरी पूर्वीसारखी लवत नाही. त्यात खांद्यावरची ती दोरी हाडाला जिथे चिकटते तिथे रक्तपुरवठा बेताचा, म्हणून दुरुस्तीही सरकारी वेगाने. पायजम्याचं इलॅस्टिक जुनं झालं की सैल तरी पडतं. आपलं नशीब उलटं.

त्यावर उपाय काय, तर भिंतीवर बोटांनी चढायचं आणि वाकून पाण्याची बाटली लंबकासारखी झुलवायची. भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्यात. तीन आठवड्यांत मी दोन बोटं वर गेलोय. बायको म्हणते, भिंत खराब होतेय.

आणि लोकल! कडी धरायला हात वर जात नाही, ज्येष्ठांच्या जागेला साठी लागते. मधल्या दहा वर्षांत माणसाने लोंबकळायचं कशाला, हे कोणी सांगत नाही. तक्रार केली की घरचे म्हणतात, "वय झालं आता." अरे, मग जागा द्या ना!

शेवटी तो पोरगा आला. "अंकल, हात वर करा."

"वर होत असता तर तुला बोलावलं असतं का?"

त्याने खालून धरून ओढलं. काखेत टर्र झालं. म्हणजे कुर्ता घेणं आलं. बाहेर काका दोन कुर्ते हातात घेऊन उभे. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आत गेले आणि दोन्ही घालून-काढून दीड मिनिटात बाहेर आले.

"७४ पूर्ण," म्हणाले. मी विचारलं नव्हतं.