सातव्या-आठव्या अंकावरून फोनचा दर्जा कळत नाही

‘*#०६# दाबा आणि आयएमईआय क्रमांकातला सातवा-आठवा अंक पाहा. ०२ किंवा २० असेल तर फोन अमिरातीत बनलेला, दर्जा वाईट. ०८ किंवा ८० म्हणजे जर्मनीचा, बरा. ०० म्हणजे मूळ कारखान्यातला, सर्वोत्तम. १३ म्हणजे अझरबैजानचा, तब्येतीला घातक.’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. *#०६# दाबल्यावर आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक, दिसतो, एवढंच त्यात खरं आहे.

‘हे अंक देश सांगतात.’ आज नाही. आयएमईआय १५ अंकी असतो. पहिले ८ अंक म्हणजे टॅक, ही मॉडेलची ओळख. पुढचे ६ त्या एका फोनचा अनुक्रमांक. शेवटचा अंक पडताळणीचा, आधीच्या १४ अंकांवरून गणिताने काढलेला. टॅकचं वाटप जीएसएमए या मोबाइल उद्योगाच्या जागतिक संघटनेच्या देखरेखीखाली होतं. सातवा-आठवा अंक याच टॅकचे शेवटचे दोन अंक आहेत. ते तोडून वेगळे वाचले तर त्यांना काहीच अर्थ उरत नाही.

अफवा मात्र अगदी हवेतून आलेली नाही. पूर्वी टॅक ६ अंकी होता आणि पुढचे दोन अंक फोनची अंतिम जुळणी कुठे झाली ते दाखवायचे. २००४ मध्ये ती पद्धत बंद झाली. दर्जा तर ते अंक तेव्हाही सांगत नव्हते.

‘०२ किंवा २०, एकच.’ कसं शक्य आहे? अंकांची अदलाबदल केली की टॅकच बदलतो.

‘१३ असेल तर घातक.’ ही ओळ मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती वाचून लोक चांगले फोनही संशयाने पाहू लागतात. फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जातात ते चाचणीत मोजतात आणि ‘सार’ मूल्य म्हणून जाहीर करतात. आयएमईआयमध्ये ती माहिती नसतेच.

वापरलेला फोन घेताना हाच क्रमांक खरोखर कामाला येतो. पडद्यावरचा आणि खोक्यावरचा क्रमांक जुळतो का ते पाहा. दोन सिमच्या फोनला सहसा दोन क्रमांक असतात, दोन्ही तपासा. मग टॅकवरून निघणारं मॉडेल हातातल्या फोनशी मिळतं का ते बघा. वेगळंच मॉडेल निघालं तर फोन घेऊ नका. सगळं जुळलं तरी तो चोरीचा म्हणून बंद केलेल्यांच्या यादीत नाही ना, याची खात्री करा, कारण ती बंदी हँडसेटवर असते आणि सिम बदलून उठत नाही.