माशात मासा शोधू नये

अभिजात कादंबरीवर बोलायचं आमंत्रण आलं, की ती वाचायच्या भानगडीत पडू नका. वेळ जातो आणि गोष्ट आवडून बसायचा धोका असतो. सरळ प्रतीकं उपसायला घ्या.

हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ घ्या. पुस्तक बारीक, शिवाय पु. लं.नी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणलेलं, त्यामुळे माहीत नाही म्हणायची सोय नाही. क्युबातला म्हातारा कोळी, 84 दिवस गळाला मासा नाही. थांबा इथेच. 84! चौऱ्याऐंशी लक्ष योनी! त्यातले पहिले 40 दिवस पोरगा सोबतीला होता असं कुणी म्हणालं, तर वाळवंटात 40 दिवस उपाशी राहिलेला येशू काढा. दोन धर्म एका दमात उरकले, आता पाणी प्या.

मग अठरा फुटी मार्लिन गळाला लागतो. अर्थात मत्स्यावतार. (तिथे मासा मनूची नाव ओढतो, इथेही मासाच होडी ओढत नेतो. अरेच्चा, हे खरंच जमलं की!)

लेखकाला मात्र मध्ये बोलू देऊ नका. 1952 साली बेरेन्सन या कलासमीक्षकाला पत्रात त्याने सरळ लिहून टाकलं: समुद्र म्हणजे समुद्र, म्हातारा म्हणजे म्हातारा, मासा म्हणजे मासा. वर प्रतीकवाल्यांना एक शिवी. तोही काही कमी नाही म्हणा. शार्क दिसल्यावर म्हाताऱ्याच्या तोंडून निघालेला आवाज कसा, तर तळहातातून खिळा लाकडात शिरताना निघावा तसा. आणि शेवटी डोलकाठी खांद्यावर देऊन त्याला चढावर धाडतो. स्वतःच आमिष लावायचं आणि वर म्हणायचं, गळ कुठाय?

डावा हात पेटक्याने पंजासारखा आवळलाय, म्हातारा कच्चा ट्यूना चावतोय आणि जवळ लिंबू नाही, मीठ नाही म्हणून चुटपुटतोय, असल्या ओळींवर रेंगाळू नका. मीठ नसण्यातून काय काढणार? झोपडी गाठेपर्यंत तो पाचदा खाली बसतो, तेही गाळा. पाचाचं काही जमलं तर ठेवा.

आदर्श हवा असेल तर शेवटाकडच्या पर्यटक बाईंचा ठेवा. शार्कांनी खाऊन उरलेला मार्लिनचा सांगाडा किनाऱ्यावर तरंगताना बघून त्या विचारतात, हे काय? वेटर बिचारा घडलेलं सांगू बघतो, बाईंना ‘शार्क’ एवढंच ऐकू येतं. त्या खूश: शार्कची शेपटी इतकी देखणी असते, ठाऊकच नव्हतं! पुढच्या परिसंवादाचं अध्यक्षपद त्यांनाच द्या.