प्रश्न उद्भवत नाही : नव्या गृहराज्यमंत्र्यांना फुकटचा सल्ला

सर्वात आधी अभिनंदन साहेब! शपथ झाली, हारतुरे झाले, गावच्या चौकात तुमचा कटआऊट लागला आणि त्यावर 'भावी मुख्यमंत्री' पण छापून झालं. खातं मिळालं गृह, पण राज्यमंत्री. म्हणजे बंगला आहे, लाल नाही तरी अंबर का होईना दिवा मनातल्या मनात आहे, पुढे पायलट आहे, फक्त फाईल तेवढी तुमच्याकडे येत नाही. येतं काय, तर अधिवेशनात उत्तर देण्याचं काम. ते मोठ्या साहेबांना वेळ नसल्यामुळे तुमच्याच गळ्यात पडणार, आणि पहिलंच अधिवेशन नागपूरला, डिसेंबरात. तेव्हा स्वेटरबरोबर हा सल्ला पण बॅगेत टाका, पैसे नकोत.

तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असा आमदाराचा प्रश्न, काय चीज असते ते आधी समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना दुसरी टर्म संपली तरी समजत नाही. प्रश्न छापील येतो आणि तो कायम एकाच चालीत येतो. पहिला भाग, अमुक पोलीस ठाण्यात अमुक तारखेला कोठडीत एका इसमाला मारहाण झाली, हे खरे आहे काय. दुसरा भाग, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय. तिसरा, असल्यास दोषींवर कोणती कारवाई केली. चौथा, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. आता ही रचना ज्याने कुणी काढली तो तुमचा खरा हितचिंतक, कारण बघा, पहिल्या भागाला "हे खरे नाही" म्हटलं की खालचे सगळे भाग आपोआप मरतात. दोन, तीन व चार, प्रश्न उद्भवत नाही. संपलं! चार ओळींचा प्रश्न, तीन शब्दांचं उत्तर. आणि अगदीच फोटोबिटो व्हायरल झालेला असेल, पेपरात बाई रडताना आलेली असेल, तर "हे अंशतः खरे आहे". त्या अंशतः मध्ये काय काय बसतं म्हणून सांगू, अख्खं पोलीस ठाणं बसतं. माणूस ठाण्यात आला होता हे खरं, बाकीचा अंश आमचा नाही.

पण तुम्ही विचाराल की खरं की खोटं हे मला कसं कळणार, मी काय तिथे होतो का. हाच प्रश्न विचारू नका साहेब, त्याची यंत्रणा आहे. विधान भवनातून प्रश्न मंत्रालयात येतो, गृह विभागाचा कक्ष अधिकारी त्याला 'एलएक्यू (म्हणजे विधानसभा प्रश्न), अत्यंत तातडीचे' असा शिक्का मारून महासंचालक कार्यालयाकडे पाठवतो, तिथून एसपी, एसपीकडून डीवायएसपी, आणि डीवायएसपीकडून त्याच पोलीस ठाण्यात जातो जिथे मार पडला असं म्हणणं आहे. आणि तिथे रात्री साडेदहाला पीआय साहेब जेवायला निघालेले असतात, हवालदार फोन घेऊन धावत येतो, साहेब एलएक्यू आलाय, उद्या सकाळी दहाच्या आत माहिती मागितलीय. मग पीआय परत बसतो, कॉम्प्युटरवाल्या पोराला उठवतो आणि स्वतःविरुद्धच्या आरोपाची माहिती स्वतः डिक्टेट करतो. सदर इसमास केवळ विचारपूस कामी बोलावण्यात आले होते. सदर इसमास दारूचे व्यसन होते. सदर इसमास अस्वस्थ वाटू लागल्याने तात्काळ ग्रामीण रुग्णालयात दाखल केले. अकस्मात मृत्यूची नोंद घेतली असून पुढील कायदेशीर कारवाईची तजवीज ठेवली आहे. ही 'तजवीज' ठाण्यात वर्षानुवर्ष ठेवलेली असते, कपाटात, किल्ली कुणाकडे आहे ते विचारू नका.

हाच कागद मग उलटा प्रवास करतो. डीवायएसपी सहमत, एसपी सहमत, वर एक पान जोडलं जातं, भाषा जरा इस्त्री केली जाते, आणि चार दिवसांनी तुमच्या हातात येतो तेव्हा त्यावर पीआयचं नाव कुठेच नसतं, ते शासनाचं उत्तर झालेलं असतं. आणि तुम्ही सभागृहात ते अशा काही आवाजात वाचायचं की जणू तुम्ही स्वतः रात्रभर कोठडीच्या गजाबाहेर कंदील घेऊन बसला होता.

उपप्रश्नाला घाबरू नका. मागे अधिकारी गॅलरी आहे, तिथून चिठ्ठ्या येतात. चिठ्ठी आली की वाचा, नाही आली तर "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांच्या भावना शासनाने नोंदवून घेतल्या आहेत" एवढं म्हणा आणि पुन्हा मागे बघा. मात्र चिठ्ठीच्या बाहेर एक शब्द बोलायचा नाही हां. २६/११ नंतर तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबा पाटील पत्रकारांसमोर मोठ्या शहरात असं होतं अशा अर्थाचं एकच वाक्य आपल्या मनानं बोलले आणि १ डिसेंबर २००८ ला राजीनामा देऊन मोकळे झाले. माणूस चांगला होता हो, पण वाक्य कुणी टाईप करून दिलेलं नव्हतं.

शब्द पण जपून वापरा. आश्वासन समिती नावाची एक समिती असते, लोकसभेत ती १९५३ पासून आहे, आपल्याकडेही आहे. मंत्री बोलून गेला ते पुरं झालं का हे ती बघते, दिल्लीत तीन महिन्यांत पुरं करायचं असा नियम आहे. म्हणून "कारवाई करू" असं चुकून पण म्हणू नका. "शासन सकारात्मक आहे" म्हणा. सकारात्मक असण्याला मुदत नसते. "तपासून घेतलं जाईल" हे पण छान, कोण तपासणार ते त्यात येत नाही. फारच गोंधळ झाला, विरोधक वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत आले, तर संबंधित अधिकाऱ्याला नियंत्रण कक्षाशी संलग्न केलं असं जाहीर करा. बाहेरच्या लोकांना वाटतं केवढी मोठी शिक्षा. पगार चालू, युनिफॉर्म चालू, फक्त काही महिने नाक्यावरच्या हप्त्याचा हिशोब दुसऱ्याकडे. दिल्लीवाल्यांचं मात्र मला कौतुक वाटतं. त्यांना कुठल्याही राज्यातल्या पोलिसांबद्दल विचारा, उत्तराची सुरुवातच अशी, की राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत. एक वाक्य, पूर्ण सुटका. दिल्ली पोलीस केंद्राच्याच हाताखाली आहेत ते सोडा, तेवढी अडचण कुणाला नसते.

आता दाद मागणे या विषयाकडे येऊ, कारण हल्ली आमदार "पीडिताला न्याय कधी" असलं विचारायला लागलेत. तर न्यायासाठी आपल्याकडे भरपूर व्यवस्था आहेत आणि त्या सगळ्या तुम्ही एका दमात वाचून दाखवायच्या. कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला द्यायची असं १९९३ पासून आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यात आहे. पोलीस ठाण्यात कानाकोपऱ्यात सीसीटीव्ही लावा असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय, कॅमेरे आहेत, फुटेजचं विचारू नका, नेमकं त्या रात्री लाईट गेलेली असते. आणि पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकायला पोलीस तक्रार प्राधिकरण पण आहे. २२ सप्टेंबर २००६ ला पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक असं प्राधिकरण नेमा म्हटलं. आपण २०१४ मध्ये कायदा केला, जिल्ह्याऐवजी विभागावर भागवलं. म्हणजे गडचिरोलीच्या माणसाने सिरोंचातून उठून नागपूर गाठायचं, एसटीने. आता एवढा प्रवास करून जो येतो त्याची तक्रार खरीच असणार, चाळणी आपोआप लागते बघा, वेगळा खर्च नाही.

पैशाचं विचारलं तर ते पण आहे. एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळाने धोरणच ठरवलं, तुरुंगात कर्मचाऱ्यांच्या मारहाणीत किंवा डॉक्टरांच्या हलगर्जीपणाने कैदी मेला तर वारसांना ५ लाख, आत्महत्या केली तर १ लाख, म्हाताऱ्या वयाने किंवा जुन्या आजाराने गेला तर काही नाही. रेटकार्ड तोंडपाठ करून ठेवा. आणि एक निरीक्षण, माझं आपलं साधं, की असं रेटकार्ड असलं की जुन्या आजाराचं प्रमाण वाढतं.

घाईत मात्र काही बोलू नका. परभणीचं बघा. डिसेंबर २०२४, संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दंगल झाली, धरपकड झाली, आणि त्यात पकडलेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. नागपूरला दुसऱ्याच दिवशी अधिवेशन सुरू झालं. मुख्यमंत्री फडणवीसांकडेच गृह खातं, त्यांनी सभागृहात सांगितलं की त्याने मॅजिस्ट्रेटसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, फुटेजमध्ये तसं दिसत नाही, त्याला आजार होता. १० लाखांची मदत, न्यायालयीन चौकशी, सगळं नीट झालं. मग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवा म्हणून सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, ३० जुलैला तिथेही दाद लागली नाही. सरकारला दाद लागली नाही, म्हणजे मजाच आहे, इथे दाद मागायला शासनच रांगेत उभं. पण तुम्ही यातून योग्य तो धडा घ्या. सभागृहातलं उत्तर आणि कोर्टाचा आदेश यांच्यात सात महिने गेले, मधे अख्खं बजेट अधिवेशन होऊन गेलं, आणि उत्तर चुकलं म्हणून कुणाची खुर्ची हलल्याचं ऐकलंय का तुम्ही? त्याची आई तेवढी या कोर्टातून त्या कोर्टात.

हे फक्त आत्ताच्या सरकारचं आहे असं समजू नका हो, आपली परंपरा सर्वपक्षीय आहे. नागपूरला आलाच आहात तर सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून गाडी जाईल तेव्हा पायलटला हळू घ्यायला सांगा. २३ नोव्हेंबर १९९४, असंच अधिवेशन चालू होतं, गोवारी समाजाचा मोर्चा आला, निवेदन घ्यायला कुणी आलं नाही, लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ जण मेले, बायका आणि लेकरं जास्त. एका मंत्र्याने राजीनामा दिला, चौकशीला दाणी आयोग बसला, सरकारवर ठपका काही बसला नाही. पुलाला नाव मात्र दिलं, आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. भरपाई अशी असावी साहेब, तिच्यावरून मंत्र्यांच्या गाड्या पण जाऊ शकल्या पाहिजेत.

आणि लांबचा विचार करायला मुंबईचं उदाहरण शिका. ९२-९३ ची दंगल. चौकशीला श्रीकृष्ण आयोग नेमला, मग १९९६ ला शिवसेना-भाजप युतीने तो गुंडाळला, मग परत चालू केला, १९९८ च्या फेब्रुवारीत अहवाल आला, ऑगस्टमध्ये सभागृहात ठेवला आणि त्याच्याबरोबरच कृती अहवाल ठेवला, ज्यात कृती अशी होती की आयोगाचं म्हणणं मान्य नाही. ३१ पोलिसांवर ठपका होता. त्यानंतर सरकारं बदलली, ज्यांनी 'आम्ही आलो की अंमलबजावणी' म्हटलं ते पण आले आणि बरीच वर्ष राहिले. दंगलीत ९०० मेले, १६८ बेपत्ता. बेपत्ता लोकांच्या घरच्यांना २ लाख द्यायचे ठरलेले, दिले ६० कुटुंबांना. उरलेल्या १०८ चं काय, तर घरच्यांचा पत्ता लागत नाही. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने शोधा म्हणून सांगितलं आणि ९ टक्के व्याज लावलं. तीस वर्ष! ज्या पोलिसांना चोर सापडायला मोबाईलचं लोकेशन पुरतं त्यांना मतदार यादीत नाव असलेली विधवा तीस वर्ष सापडत नाही, याला जिद्द लागते. आणि पत्ता सापडत नसेल तर तो प्रश्न कुणाचा, उद्भवतो का कुठे?

बाकी किरकोळ. उत्तर वाचताना पाणी पिऊ नका, चॅनेलवाले त्याचाच व्हिडिओ करतात. "माहिती घेऊन पटलावर ठेवतो" हे शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा, कारण शेवटच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष विमानाकडे असतं. विरोधकांनी सभात्याग केला तर दुःखी चेहरा करा पण मनातून आभार माना, रिकाम्या बाकांसमोर वाचलेलं उत्तरही दिलेलंच उत्तर असतं. त्यांनाही कॅमेऱ्यासमोर पायऱ्यांवर उभं राहायचं असतं, गळ्यात गाजराची नाहीतर कापसाची माळ घालून, त्यामुळे दोघांचंही काम होतं.

संध्याकाळी हुरडा पार्टी असते, ती चुकवू नका. नागपूरबाहेर कुणाच्या तरी शेतावर, शेकोटी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. सकाळी ज्या आमदाराने कोठडीतल्या मृत्यूवरून टेबल बडवून घसा बसवून घेतला होता तो तिथे तुमच्या शेजारी येऊन बसेल, चटणी पुढे करेल आणि कानाशी लागून म्हणेल, "भाऊ, आमच्या तालुक्याच्या पीआयचं तेवढं बघा की, सहाच महिने झालेत त्याला येऊन पण आपलं ऐकतच नाही, मागच्या आठवड्यात आपल्या पोरांच्या वाळूच्या गाड्या पकडल्या त्याने." इथे मात्र अंशतः वगैरे करू नका, लगेच हो म्हणा. पोलिसांच्या बदल्या नेत्यांनी करू नयेत म्हणून प्रकाश सिंहच्याच निकालाने बदल्या ठरवणारं अधिकाऱ्यांचं आस्थापना मंडळ आलं, पण कायद्यात लोकहित आणि प्रशासकीय निकड असे दोन शब्द आपण ठेवलेत ना. पीआयचं नाव नीट लिहून घ्या, स्पेलिंग चुकलं की भलताच माणूस गडचिरोलीला जातो, आणि सोमवारी ऑर्डर निघाली पाहिजे.