‘दोन मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

साहेब, नमस्कार.

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की आम्ही लावून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या बिलावर हळद पावडरचा एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा ठरलेला क्रमांक) चुकीचा छापून आला, दोन सप्लायरांचं पेमेंट परत आलं, आणि ‘फील्डचा टाइप बदलायचं दोन मिनिटांचं काम’ (म्हणजे माहितीच्या रकान्याचा प्रकार बदलायचं) असताना आम्ही नऊ दिवस लावून वर तीन हजार रुपये घेतले. त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

एचएसएनची चूक आमचीच. ते फील्ड ‘नंबर’ ठेवलं गेलं, आणि नंबरमध्ये सुरुवातीचं शून्य टिकत नाही, म्हणून ०९१०३०३० चं ९१०३०३० झालं. ज्या आकड्याची कधी बेरीज करायची नाही, तो टेक्स्टमध्येच ठेवायचा. हे आमच्याकडून सुटायला नको होतं. ते त्याच संध्याकाळी दुरुस्त केलं आणि त्याचा एक रुपयाही लावलेला नाही. तुमचे सगळे कोड आठ अंकी, त्यामुळे सात अंक दिसले की पुढचं शून्य गेलंय हे लगेच कळतं.

पण ‘दोन मिनिटं’ हे मनाला लागलं. एकदा नोंदी भरल्या की या सॉफ्टवेअरमध्ये नंबर फील्डचं टेक्स्ट करता येत नाही. नवीन फील्ड करायचं, जुना डेटा बाहेर काढून दुरुस्त करून त्यात भरायचा, मग बिलाचा फॉरमॅट, रिपोर्ट, फिल्टर, सगळं नव्या फील्डला जोडायचं आणि शेवटी जुनं लपवायचं. एक रिपोर्ट जरी जुन्यावर राहिला तरी महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही.

आणि नऊ दिवस एचएसएनला लागलेच नाहीत. ते लागले सप्लायरांच्या बँक खाते क्रमांकांना, ज्यांच्यामुळे पेमेंट परत आलं. तुमच्याकडून आलेली सप्लायरांची फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली होती. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं, सोळाव्यापासून पुढे शून्य टाकतं. आम्ही टाइप कितीही बदलला तरी तो अंक परत येत नाही, कारण तो फाइलमध्ये उरलेलाच नसतो. ‘खाते क्रमांकाचा कॉलम आधी टेक्स्ट करा, मगच भरा’ हे कामाआधी पाठवलेल्या सूचनेत ठळक लिहिलं होतं. अंदाजाने अंक भरणं आम्हाला शक्य नव्हतं. पैसे खाते क्रमांक बघून जमा होतात, नाव ताडून नाही. म्हणून ६४ सप्लायरांचे रद्द केलेले चेक मागितले. त्यातले शेवटचे ११ तुमच्या ऑफिसातून आठव्या दिवशी आले. नवव्या दिवशी काम पूर्ण झालं. तीन हजार रुपये त्या ६४ नोंदी चेकशी ताडून भरल्याचे आहेत, बिलावरही तसंच लिहिलं आहे.

पोती नंबरमध्ये, रक्कम करन्सीमध्ये, शहराला ड्रॉपडाउन (तयार यादीतून निवडायची सोय) दिला म्हणून ‘नाशिक’ आणि ‘नासिक’ दोन गावं होत नाहीत. हे सगळं पहिल्या दिवसापासून नीट चालू आहे, त्याचा रिव्ह्यूत एका शब्दानेही उल्लेख नाही, याचं वाईट वाटतं. आमचं छोटं ऑफिस आहे, नवीन ग्राहक आधी रिव्ह्यूच वाचतो.

यापुढे फाइल घेतानाच जास्त काळजी घेऊ, तपासणीची पद्धतही सुधारतो आहोत. तुमच्या नव्या गुदामाची फील्डं अजून रिकामी आहेत. तिथे लॉट नंबर ००४७ असे लिहिता का, तेवढं एंट्री सुरू व्हायच्या आत कळवा. रिकामं फील्ड खरोखरच दोन मिनिटांत बदलून मिळेल.