कॅलिफोर्नियातली नर्सिंगची नोकरी : खुलासा

‘कॅलिफोर्नियात नर्सेस कमी आहेत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असली की परीक्षेशिवाय थेट नोकरी,’ असा मेसेज फिरतोय. तो साफ चुकीचा आहे.

तिथे रजिस्टर्ड नर्स व्हायचं तर कॅलिफोर्निया राज्याच्या नर्सिंग मंडळाकडून शिक्षणाची कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात आणि एनक्लेक्स ही अमेरिकेतली नर्सिंग परवान्याची परीक्षा पास व्हावीच लागते. परीक्षा इंग्रजीत, केंद्र मुंबईतही आहे. खरी मेख कागदपत्रांत आहे. एखाद्या विषयाची थिअरी आणि त्याच विषयाचं वॉर्डातलं प्रात्यक्षिक एकाच काळात झालेलं हवं. प्रसूतीचा विषय तिसऱ्या वर्षी शिकवला आणि लेबर रूमची ड्यूटी चौथ्या वर्षी लागली, तर अर्ज अडकू शकतो. अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्याचा मल्टिस्टेट, म्हणजे अनेक राज्यांत चालणारा परवानाही इथे चालत नाही, कारण त्यासाठी राज्यांनी आपसात केलेल्या करारातच कॅलिफोर्निया नाही.

संधी मात्र खरी आहे. तिथे कायद्यानेच आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त २ रुग्ण देता येतात. आपल्याकडच्या वॉर्डात राबणाऱ्या मुलींना याचं मोल सांगायला नको. स्पॅनिश, तागालोग, पंजाबी बोलणारे रुग्ण भरपूर, त्यामुळे जादा भाषेचा फायदा होतो. पण परीक्षेतून सूट मिळत नाही.

ग्रीन कार्डसाठी, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यासाठी, भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे. एजंटला पैसे देण्याआधी त्याची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा.